गारेचे रंग आणि पावतीवरचे नाव

मराठीत ‘गार’ या एका शब्दाला तीन अर्थ आहेत. वळवाच्या पावसात अंगणात टपटपते ती गार. हाताला थंड लागते ते गार. आणि नांगराच्या फाळाला आडवा येणारा, पोलादावर आपटला असता ठिणगी देणारा पांढरा कठीण दगड तोही गारच. त्याचा मुठीत मावणारा तुकडा म्हणजे गारगोटी. मराठीतला हा केवळ योगायोग असेल. प्राचीन ग्रीकांनी मात्र हा दगड आणि बर्फ यांचे नाते खरेच मानले होते. स्फटिक म्हणजे पुन्हा कधीही वितळू नये इतके घट्ट गोठलेले बर्फ, अशी त्यांची समजूत होती आणि ‘क्रिस्टल’ हा शब्द त्यांच्या बर्फवाचक शब्दातूनच पुढे आला. आजच्या खनिजशास्त्रात या दगडाचे नाव क्वार्ट्झ असे आहे.

नदीतील वाळूचा मोठा भाग ज्या द्रव्याचा असतो ते सिलिका नावाचे द्रव्य शिस्तीत रचले गेले की क्वार्ट्झ होतो. पृथ्वीच्या पाठीवर त्याचा मुळीच तुटवडा नाही. निर्मळ आणि पारदर्शक असेल तर तो स्फटिक. जांभळा असेल तर जमुनिया, पिवळा असेल तर सुनेला, धुराची झाक असेल तर धुनेला. अतिसूक्ष्म कणांचा, पट्ट्यापट्ट्यांचा असेल तर अकीक. घराणे एकच, आडनावे मात्र निरनिराळी. हिऱ्याची किंमत त्या पदार्थाची असते. या घराण्यात पदार्थाला फारसे मोल नाही. मोल असते ते रंगाला आणि त्याहूनही अधिक नावाला. जवाहिऱ्याच्या गादीवर बसणाऱ्या घरांनी गारेच्या रंगांचा विचार करायचा तो विशेषतः या कारणासाठी.

हे रंग येतात कोठून? आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’तील स्फटिकमण्याचा दृष्टांत स्वाध्याय करणाऱ्या घरांत परिचित आहे. २७८ व २७९ या गाथांत आचार्य सांगतात की, शुद्ध स्फटिकमणी आपल्या आपण लाल होत नाही. दुसऱ्या लाल वस्तूच्या योगाने तो लाल दिसतो, आणि ज्ञानी आत्म्याचे राग-द्वेषांशी असलेले नातेही तसेच आहे. जास्वंदीचे फूल बाजूला केले की स्फटिक होता तसाच असतो. रत्नपारखी याच दृष्टांताकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहील. जमुनियाचा जांभळा रंग बाजूला ठेवलेल्या फुलाचा नाही. तो आतच रुतून बसलेला आहे. स्फटिक वाढत असताना लोहाचा अत्यल्प अंश त्याच्या रचनेत शिरतो आणि पुढे लक्षावधी वर्षे आसपासच्या खडकांतून निघणाऱ्या नैसर्गिक किरणोत्साराने त्या लोहाची अवस्था पालटते. मग जांभळा रंग प्रकटतो. धुनेल्याच्या बाबतीत लोहाऐवजी अॅल्युमिनियम हे काम करते. दृष्टांत आत्म्याचा आहे, खनिजाचा नाही, म्हणून आचार्यांच्या म्हणण्याला यामुळे कोठेही बाध येत नाही. एवढे मात्र खरे की, जमुनियातील लोहाचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की कोणत्याही तराजूला ते कळणार नाही, आणि तेवढ्यावर सगळा भाव ठरतो.

जमुनियाला, म्हणजे अमेथिस्टला, एके काळी युरोपात हिरा, माणिक, नीलम व पाचू यांच्या पंक्तीला बसवले जात असे. त्याचे ग्रीक नाव ‘न झिंगलेला’ अशा अर्थाचे आहे. या खड्याच्या प्याल्यातून मद्य घेतले तर नशा चढत नाही, असा समज होता. ज्या घरात मद्याला थारा नाही त्याला या गुणाचा काही उपयोग नाही, हे उघड आहे. एकोणिसाव्या शतकात ब्राझील आणि उरुग्वे येथे जमुनियाचे प्रचंड साठे सापडले आणि राजमुकुटातला हा खडा मध्यमवर्गाच्या बोटात आला. दगड तोच, रंग तोच, काठिण्य तेच. आवक वाढली आणि भाव बसला. व्यापारी घराला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जमुनिया सुमारे चारशे ते पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याचा जांभळा रंग जातो आणि तो पिवळा, नारिंगी किंवा तपकिरी होतो. निसर्गात पिवळा क्वार्ट्झ कमी सापडतो आणि सापडतो तोही बहुधा फिकट. त्यामुळे बाजारात सुनेला किंवा सिट्रीन म्हणून जे खडे येतात, त्यांपैकी बहुतेक भट्टीतून निघालेले जमुनियाच असतात. येथपर्यंत गैर काही नाही. तापवलेला सुनेला हाही क्वार्ट्झच आहे आणि त्याचा रंग टिकाऊ असतो. अडचण पुढच्या पायरीवर येते. हाच खडा ‘गोल्डन टोपाझ’ होतो, धुनेला ‘स्मोकी टोपाझ’ होतो. आणि गुरूचा खडा हवा म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती कधी कधी सुनेलाच ‘पुष्कराज’ म्हणून पडतो. बाजारात पुष्कराज म्हणतात तो पिवळा नीलम, म्हणजे कुरुंद जातीचा खडा. काही जण टोपाझलाही ते नाव देतात. दोन्हींशी सुनेल्याचे कसलेही नाते नाही. खड्याने ग्रह अनुकूल होतो की नाही हा निराळा प्रश्न. पैसे मात्र गिऱ्हाइकाने पुष्कराजाचे मोजलेले असतात.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे, खोटी मापे वापरणे, आणि पाचवा ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या जागी तत्सम वस्तू चालवणे. पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त या पाचव्याचा अर्थ लावताना कृत्रिम सोन्या-नाण्याचा व्यवहार असे म्हटले आहे, पण तेथे ‘वंचनापूर्वक’ हा शब्द घालायला ते विसरले नाहीत. तो शब्द फार मोलाचा आहे. सुनेला विकणे हा अतिचार नव्हे, काचेचा खडा विकणे हाही नव्हे. दोष आहे तो दुसऱ्याचे नाव लावण्यात. चोरीच्या व्रताखाली आचार्यांनी हे घातले, असत्याच्या व्रताखाली नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. कारण त्यात केवळ शब्द खोटा पडत नाही, दुसऱ्याचे धन जाते.

ही फसगत उघडकीस यायला पुष्कळदा एक पिढी जावी लागते. अंगठी मुलीच्या लग्नात येते, कपाटात राहते आणि घरातल्या कर्त्या माणसाला पैशांची निकड लागली की बाहेर निघते. बँकेत सोनेतारण कर्ज देताना दागिन्यातील खड्यांचे वजन वजा केले जाते आणि निव्वळ सोन्याचेच मूल्य धरले जाते. दागिन्यावरील हॉलमार्कही सोन्याच्या शुद्धतेचा दाखला असतो, खड्याच्या जातीचा नव्हे. गिऱ्हाईक मात्र तो छाप पाहून सगळ्याच बाबतीत निश्चिंत होते. मग खडा विकायला काढल्यावर दुसरा सराफ तो भिंगाखाली धरतो आणि पहिल्या दुकानाचे नाव विचारतो. त्या घटकेला त्या दुकानाची तीस-चाळीस वर्षांची पत पणाला लागलेली असते आणि गादीवर बहुधा मुलगा बसलेला असतो, ज्याने तो खडा विकलेलाच नाही.

वास्तविक सुनेला ओळखणे मुळीच अवघड नाही. कॅरेटचा तराजू आणि पाण्याचा प्याला एवढे पुरते, अट एवढीच की खडा कोंदणातून सुटा असावा. क्वार्ट्झ पाण्याच्या २.६५ पट जड असतो, टोपाझ सुमारे ३.५३ पट आणि पिवळा नीलम सुमारे ४ पट. हवेत बरोबर १० कॅरेट भरणारा खडा दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलला तर क्वार्ट्झ सुमारे ६.२३ कॅरेट भरेल, टोपाझ ७.१७ आणि नीलम ७.५०. रंग, पैलू, चमक काहीही असो, या आकड्यांना भुरळ घालता येत नाही. काठिण्यातही फरक आहे: क्वार्ट्झ ७, टोपाझ ८, नीलम ९; पण ओरखडे काढून परीक्षा करणे म्हणजे गिऱ्हाइकाचा माल खराब करणे, ते जाणत्याने करू नये. जयपूर, मुंबई येथील रत्नपरीक्षण प्रयोगशाळांत अपवर्तनांक पाहून काही मिनिटांत निर्णय देता येतो. भट्टीतला सुनेला आणि निसर्गातला सुनेला यांतील भेद, किंवा खाणीतला जमुनिया आणि कारखान्यात दाबाखाली वाढवलेला जमुनिया यांतील भेद, हे मात्र प्रयोगशाळेलाही कष्टाचे काम आहे. तेथे शेवटी विकणाऱ्याच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागते.

परीक्षेचा विषय निघाला म्हणजे ठक्कर फेरू या श्रावकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. श्रीमाळ कुळातला हा गृहस्थ दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात अधिकारी होता. सुलतानाच्या खजिन्यातील सागरासारखा रत्नसंग्रह प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून, आणि आधीच्या आचार्यांचे ग्रंथ अभ्यासून, त्याने १३१५ साली ‘रयणपरिक्खा’ म्हणजे रत्नपरीक्षा हा ग्रंथ रचला. तोही संस्कृतात नव्हे, व्यापाऱ्याला कळेल अशा प्राकृतात. तीन वर्षांनी त्याने नाण्यांतील सोन्याचांदीचा कस सांगणारी ‘द्रव्यपरीक्षा’ लिहिली. परंपरेने चालत आलेल्या रत्नांची नावे देऊन तो थांबला नाही. लाल, अकीक, पिरोजा अशा फारसी नावांनी बाजारात आलेल्या मालालाही त्याने जागा दिली. शास्त्रात नाव नाही म्हणून वस्तू नाही, असे त्याने मानले नाही. त्याच्या ग्रंथांची हस्तलिखित पोथी १९४६ साली अगरचंद व भंवरलाल नाहटा यांना कोलकात्यात मिळाली, तोवर सहाशे वर्षे हा माणूस जवळजवळ विस्मृतीत होता. सरकारी खजिन्यातल्या नोकरीत राहून एवढे निरपेक्ष ज्ञान नोंदवून ठेवणारा दुसरा श्रावक दाखवणे कठीण.

फेरूला जी नावे ठाऊक असणे शक्य नव्हते, अशी काही क्वार्ट्झच्या घराण्यात अलीकडे आली आहेत. त्यांत सर्वांत देखणे अमेट्रीन. एकाच खड्यात अर्धा भाग जांभळा आणि अर्धा सोनेरी, मधली सीमा चाकूने कापल्यासारखी. बाजारात येणारा नैसर्गिक अमेट्रीन मुख्यतः बोलिव्हियाच्या पूर्वेकडील अनाही या एका खाणीतून येतो. सतराव्या शतकात एका स्पॅनिश सरदाराला अयोरेओ जमातीच्या राजकन्येबरोबर ही खाण आंदण मिळाली, अशी कथा तेथे सांगतात. व्यापारात मात्र तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांतच नावारूपाला आला. लोह दोन्ही भागांत आहे, पण स्फटिकाच्या वेगवेगळ्या बाजूंत त्याची अवस्था वेगळी, म्हणून रंग दोन. पैलू पाडणारा कारागीर येथे मुद्दाम लांबट चौकोनी घाट देतो, म्हणजे दोन्ही रंग समोरासमोर दिसतात.

ब्राझीलमधील मोंतेझुमा येथील जमुनियाची चाल आणखी निराळी. तो तापवला की पिवळा न होता पोपटी-हिरवा होतो. १९५० च्या दशकापासून तो बाजारात आहे आणि त्याचे योग्य नाव प्रॅसिओलाइट. दुकानात तो ‘ग्रीन अमेथिस्ट’ म्हणून मिळतो. अमेथिस्ट म्हणजेच जांभळा, तेव्हा हिरवा जांभळा हा काय प्रकार, असे कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ च्या दागिने-विषयक मार्गदर्शक नियमांत मात्र हेच नाव दिशाभूल करणाऱ्या नावांचे उदाहरण म्हणून दिले आहे. आपल्याकडचा हिरवा अॅव्हेंच्युरीन, ज्याला अभ्रकाच्या बारीक चमचमत्या पत्र्यांमुळे रंग येतो, तोही ‘इंडियन जेड’ या उसन्या नावाने परदेशी जातो. त्याला स्वतःचे नाव असताना जेडच्या नावाचा आधार का घ्यावा, हे कळत नाही.

बाकीच्यांचा उल्लेख थोडक्यात. क्रिसोप्रेझला सफरचंदी हिरवा रंग निकेलमुळे येतो. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याला सायलीशियातला हा खडा अतिशय प्रिय होता आणि आज चांगला माल ऑस्ट्रेलियातून येतो. गुलाबी क्वार्ट्झ ओबडधोबड शिळांच्या रूपात पुष्कळ मिळतो. पण पैलूदार नैसर्गिक कळ्यांच्या रूपातला गुलाबी क्वार्ट्झ खरोखर दुर्मीळ आहे आणि उजेडात ठेवला तर फिकटतो. जमुनियाही कडक उन्हात फार काळ ठेवू नये.

घराघरांत असते ती स्फटिकाची माळ. जपासाठी घेतलेल्या कित्येक माळा काचेच्या निघतात. अस्सल मणी हातात घेतला की बराच वेळ गारच राहतो, काच लवकर ऊब धरते. काचेत कधी कधी गोल बुडबुडे दिसतात. मणी किंवा गोळा जरा मोठा असेल तर कागदावर रेघ ओढून त्यातून पाहावे आणि मणी हळूहळू फिरवावा. क्वार्ट्झमधून बहुतेक कोनांतून रेघ दुहेरी दिसते, काचेतून एकेरी. मूडबिद्रीच्या गुरुबसदीत ‘सिद्धांतदर्शना’साठी जाणारे यात्रेकरू रत्नांच्या जिनप्रतिमा पाहतात, त्यांत स्फटिकाच्या प्रतिमाही आहेत. आत एकही तडा किंवा ढगाळ डाग नसलेली शिळा मूर्तीच्या मापाची मिळणे, आणि ती न फुटता घडवली जाणे, याला किती धीर लागला असेल हे त्या माळेतला एक मणी नीट पाहिला तरी उमगते.

राहिला अकीक, आणि तो महाराष्ट्राला सर्वांत जवळचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. त्यांतील पोकळ्यांत पुढे सिलिका साचून अकीक, स्फटिक, जमुनिया तयार झाले. विहीर खणताना, खडी फोडताना ते आजही निघतात. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय अशाच खनिजांचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की, पैठणहून हे पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेत आणि तेथून ते समुद्रापार जात. भडोचजवळच्या रतनपूरच्या खाणी आणि खंभातचे कारागीर हा त्याच व्यापाराचा आजवर जिवंत राहिलेला भाग. तेथे अकीक आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. आतले लोह तांबूस होते आणि करड्या दगडाचा लालबुंद खडा बनतो. सिंधू संस्कृतीच्या काळापासून ही रीत आहे आणि ती कोणी लपवली नाही. जर्मनीतील इडार गावच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात साखरेच्या पाकात दगड मुरवून नंतर गंधकाम्लाने तो काळा करण्याची युक्ती रूढ केली. आजचा काळा ‘ओनिक्स’ बहुधा त्याच जातीचा असतो.

खंभातच्या या धंद्याची एक बाजू पावतीवर कधीच येत नाही. अकीक सराणेवर कोरडा घासला की सिलिकाची अतिशय बारीक धूळ उडते. ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. कित्येकदा तो क्षय समजून उपचार होतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर गाठतो. घासण्याचे काम पुष्कळसे घरातच चालते, त्यामुळे सराणेवर न बसणारी बायकामुले आणि शेजारीही त्या धुळीतच श्वास घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची पाहणी केलेली आहे. तेव्हा ही ऐकीव गोष्ट नाही.

पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म, म्हणजे भूमी फोडण्याचा धंदा, श्रावकाला वर्ज्य सांगितला आहे. उत्तराध्ययनसूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकायिक जीवांच्या भेदांत स्फटिकाचेही नाव आहे. म्हणून आपली घरे खाणीपासून दूर राहिली आणि दगड गादीवर आला तो घासलेला, ओवलेला, मऊ कागदात गुंडाळलेला. त्या दगडावर पाण्याची धार सोडून घासले, किंवा सराणेला धूळ ओढून घेणारा पंखा बसवला, तर धूळ पुष्कळ कमी होते. त्याने मजुरी काही पैशांनी वाढते आणि कारागीर ती स्वतःच्या खिशातून देऊ शकत नाही. खंभातला माळांची घाऊक मागणी नोंदवणारा व्यापारी मण्याचे माप, रंग आणि भोकाची जाडी लिहून पाठवतो. घासणी ओली की कोरडी, हे त्याच कागदावर आणखी एका ओळीत लिहिता येते.